तुम्ही विचारलंत म्हणून : तो चेहरा निळा का?

चित्र कसं पाहावं याविषयी मी सत्रं घेते. कधी वाचनालयात, कधी सोसायटीच्या हॉलमध्ये, कधी एखाद्या महाविद्यालयात. तिथे मी एक चित्र हमखास दाखवते आणि ते दाखवलं की एक प्रश्न हमखास येतो. चहाच्या वेळी कुणीतरी जवळ येऊन विचारतं, नाहीतर रात्री मेसेज येतो : "मॅडम, त्या बाईचा चेहरा निळा का रंगवलाय? निळा म्हणजे दुःख ना? आणि हे असं प्रतीक-बितीक तुम्हाला कळतं कसं?"

तोंडी उत्तर दर वेळी अर्धवट राहतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी चित्राविषयी, म्हणजे ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांनाही सोबत येता येईल. चित्राचं नाव 'एमी – ब्लू'. चित्रकार मार्लीन ड्युमा. जन्म १९५३, दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन. १९७६ पासून मुक्काम अ‍ॅम्स्टरडॅम. चित्र २०११ चं, कॅनव्हासवर तैलरंग. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने ते पुढच्याच वर्षी आपल्या संग्रहात घेतलं. चित्रातली एमी म्हणजे गायिका एमी वाइनहाउस. २००८ साली एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळवणारी आणि २३ जुलै २०११ ला लंडनमधल्या कॅमडेनच्या राहत्या घरी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी अतिमद्यपानाने गेलेली. ती गेल्याची बातमी ड्युमाबाईंच्या मनाला लागली. त्यांनी इंटरनेटवर तिचे फोटो शोधले आणि त्यांतून हे चित्र झालं. एमी त्यांच्यासमोर कधी बसली नव्हती.

आता प्रश्न. निळा म्हणजे काय, याच्या आधी मला दुसरंच काहीतरी विचारावंसं वाटतं : या चित्रात काय नाही?

एमीला ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांनीही तिला पाहिलेलं असतं. तिची ओळख तीन गोष्टींत पक्की बसली होती : डोक्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रचलेला केसांचा मनोरा, दंडांवरचं गोंदण आणि डोळ्यांच्या कडांपासून कानशिलाकडे ओढलेली आयलायनरची जाड काळी रेघ. व्यंगचित्रकाराला एवढं पुरायचं. फॅन्सी ड्रेसला तिचं सोंग घ्यायचं तर एवढंच लागायचं. प्रसिद्धी माणसाला अशी दोन-चार खुणांवर आणून ठेवते. मग त्या खुणा फिरत राहतात, छापल्या जातात, विकल्या जातात, आणि मूळ माणूस बाजूला पडला तरी कुणाचं काही अडत नाही.

ड्युमाबाईंनी या तीन खुणांपैकी दोन गाळल्या. चेहरा इतका जवळून घेतला की केसांचा मनोरा चौकटीत मावतच नाही. गोंदण तर नाहीच. म्हणजे एखाद्या पोस्टर काढणाऱ्याने ज्या गोष्टी सर्वांत आधी काढल्या असत्या, त्या इथे नाहीत. प्रसिद्ध माणसाचं चित्र वाचताना मी सुरुवात इथून करते. प्रसिद्ध चेहरा चित्रकाराच्या हाती येतो तोच अर्थांनी लडबडलेला येतो. त्याच्यावर नवी प्रतीकं चढवणं सोपं आहे : हातात कवटी द्या, मागे विझलेली मेणबत्ती ठेवा, खांद्यावर फुलपाखरू बसवा. अवघड असतं ते उतरवणं. म्हणून काय ठेवलंय याच्या आधी काय काढून टाकलंय ते बघावं. चित्रकाराने तिथे घेतलेला निर्णय दिसतो, आणि अर्थ निर्णयात असतो.

मग तिसरी खूण का ठेवली? आयलायनर का राहू दिलं?

इथे मी सत्रात बराच वेळ थांबते. आयलायनर हा मुखवटा खरा, पण तो डोळ्याच्या पापणीवर, ओल्या कडेला लागून चढवलेला मुखवटा आहे. चेहऱ्यावर त्याहून नाजूक जागा नाही. शिवाय तो रोज स्वतःच्या हाताने काढावा लागतो. आरशासमोर उभं राहून, श्वास रोखून, एका दमात ओढलेली रेघ. म्हणजे ते एक रेखाटनच. ड्युमाबाईंचा ब्रश जेव्हा कॅनव्हासवर तीच रेघ ओढतो, तेव्हा एमी जे करायची तेच चित्रकार करते आहे. हे मला या चित्रातलं सर्वांत जवळिकीचं ठिकाण वाटतं. बाकी चेहरा फोटोंतून आलेला आहे, फोटो काढणाऱ्यांच्या नजरेतून आलेला आहे. ती रेघ मात्र मुळातच एमीची स्वतःची होती.

आणि आयलायनर पाण्याला टिकत नाही. आपल्याकडे काजळ घालणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. डोळ्यांत पाणी आलं की आधी तेच पसरतं. चित्रातला रंग पातळ आहे, ओला ओघळता आहे, पारदर्शक आहे. काळी रेघ त्या निळ्या पाण्यात कधीही विरघळेल अशी. चेहरा धरून ठेवणारी एकमेव ठाम गोष्ट हीच सर्वांत आधी वाहून जाणारी गोष्ट आहे. दुबळेपण दाखवायला चित्रात एकही अश्रू काढलेला नाही. त्याची गरजच पडलेली नाही.

आता आकार. पडद्यावर स्लाइड लावली की चेहरा सहा-सात फुटांचा होतो आणि चित्राचा जीवच जातो. मूळ चित्र साधारण ४० सेंटिमीटर उंच, ३० सेंटिमीटर रुंद. म्हणून मी त्या मापाचा एक साधा पुठ्ठा कापून सोबत नेते. स्लाइड चालू असताना तो पुठ्ठा रांगेतून फिरवते. लोक तो हातात घेतात, आपल्या चेहऱ्यासमोर धरतात, आणि बहुतेकांच्या तोंडून "एवढंच?" निघतं. माणसाच्या डोक्यापेक्षा थोडंसंच मोठं. दोन हातांत मावणारं. दारातून कुणी डोकावून बघावं तेवढ्या मापाचं.

प्रसिद्धीचं माप याच्या बरोब्बर उलट असतं. आपण मुंबई-पुण्यात राहणारी माणसं. चाळीस फुटी चेहऱ्याखालून रोज बसने जातो. आपल्या पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन तरुणपणी, १९३०च्या दशकात, मुंबईत सिनेमाचे असे अवाढव्य चेहरे रंगवून पोट भरत होते. ज्या हाताने प्रचंड चेहरे रंगवले, त्याच हाताने पुढे मदर तेरेसांची मालिका केली, आणि त्या मालिकेत मदर तेरेसांना चेहराच दिला नाही. पांढरी साडी, निळा काठ, मांडीवर मूल, आणि चेहऱ्याच्या जागी रिकामा अंधार. जगातला एक अतिपरिचित चेहरा त्यांनी पुसून टाकला आणि ओळख ठेवली ती काठावर. हुसेन अगदी तान्हे असताना त्यांची आई गेली, तिचा चेहरा त्यांच्या आठवणीत नव्हता. त्या रिकाम्या जागेशी याचा संबंध अनेकांनी जोडलेला आहे आणि तो मला पटतो. पण समजा ही माहिती नसती, तरीही चित्र बोललं असतं. कुठलीही आई तिथे बसू शकते, हे बघणाऱ्याला आपोआप कळतं.

हुसेनांनी चेहरा गाळून वस्त्र ठेवलं. ड्युमाबाईंनी वेशभूषा गाळून चेहरा ठेवला. दोघांच्याही पुढ्यात प्रश्न एकच होता : सगळ्या जगाने आधीच पाहिलेल्या माणसाला पुन्हा दिसेल असं कसं करायचं? (हुसेनही लंडनमध्येच वारले, ९ जून २०११ ला. एमीच्या आधी दीड महिना. प्रसिद्धीने माणूस किती उघडा पडतो हे त्यांच्या शेवटच्या वर्षांनीही दाखवलं. यातून काही सिद्ध होत नाही, पण तारखा शेजारी आल्या की मी थबकते.)

आता निळा. हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात एक तक्ता असतो असं मला जाणवतं : लाल म्हणजे राग, हिरवा म्हणजे समृद्धी, निळा म्हणजे दुःख. तक्ते काही आजचे नाहीत. आपल्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला वर्ण दिलेला आहे. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, रौद्र लाल. करुणाला कबुतराचा राखाडी रंग. आणि निळा? निळा बीभत्साला. हा तक्ता या चित्राला लावून पाहा. बीभत्स रस इथे येतो का? मला विचाराल तर, त्या शेवटच्या वर्षांत एमीच्या घराबाहेर फोटोग्राफरांचं जे चाललं होतं त्याला हा शब्द लागू पडेल, पण या चेहऱ्याला नाही. युरोपातला तक्ता वेगळा. तिथे शतकानुशतकं निळा म्हणजे मेरीमातेचं वस्त्र. अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणाऱ्या लाजवर्द या निळ्या दगडाची पूड करून तो रंग बनायचा, फार महाग पडायचा, म्हणून सर्वांत पवित्र आकृतीसाठी राखलेला असायचा. पिकासोने १९०१ साली कासाजेमास या मित्राच्या आत्महत्येनंतर निळ्यात चित्रं रंगवायला घेतली आणि पुढची तीन वर्षं तो त्या निळ्यातच राहिला; तेव्हापासून चित्रकलेत निळ्याला शोकाची अशी एक वाट मिळाली, जी ड्युमाबाईंना नक्कीच ठाऊक आहे. आणि एमी ज्या परंपरेतून गायची, त्या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतात निळा तर नावातच आहे : 'ब्लूज'. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीही या चित्राविषयी सांगताना तिचं आयलायनर आणि निळ्याचं संगीताशी असलेलं नातं, या दोहोंकडे बोट दाखवते.

आणि आपण इथे बसून बघतो तेव्हा आपलाही निळा सोबत येतो. विष पचवलेला नीलकंठ येतो. चौदा एप्रिलला रस्तोरस्ती फडकणारा निळा येतो, ज्यात दुःख कुठे नाही, ताठ मान आहे. सांगलीकडच्या एका मुलाने मला सत्रात थेट विचारलं, "आमच्याकडे निळा म्हणजे जयभीम. मग मी हे चित्र चुकीचं बघतोय का?" मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते : तू जे घेऊन आलास ते चुकीचं नाही. फक्त आता चित्राला विचार, ते त्याला कुठे धरून ठेवतं का? या कॅनव्हासवर तसा ठाम, सपाट, झेंड्याचा निळा कुठे आहे का? नाही. इथला निळा पातळ केलेला आहे, पुसट होत जाणारा आहे. तेव्हा तुझा निळा बाजूला ठेव, पण फेकू नकोस. तो दुसऱ्या चित्राला लागेल.

कसोटी एवढीच. अर्थ कितीही मनात येऊ देत, त्यांतला कुठला चित्राच्या अंगावर टिकतो ते पाहायचं. रंग कसा लावलाय, जाड की पातळ, थांबलेला की ओघळता, कडा धारदार की विरलेल्या. प्रतीक अमूर्त निळ्यात नसतं, त्या ठिकाणी तशा प्रकारे लावलेल्या निळ्यात असतं.

या निळ्याचा मला सर्वांत जास्त पटलेला अर्थ कुठल्या पुस्तकातून आलेला नाही. एका सत्रात मागच्या रांगेत एक निवृत्त परिचारिका बसल्या होत्या. सगळे दुःख, एकटेपण, संगीत वगैरे बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला नाही ते समजत. आमच्या वॉर्डात ओठ-नखं अशी निळी दिसली की आधी ऑक्सिजन लावायचा. हिला श्वास पुरत नाहीये." हॉल एकदम गप्प झाला. मी तर त्या क्षणापासून ते चित्र वेगळं पाहते. त्यांनी प्रतीक शोधलंच नव्हतं. त्यांनी शरीर पाहिलं होतं, आणि चित्रात रंग आणि शरीर एकमेकांपासून सुटे नाहीत हे ड्युमाबाईंच्या कामाचं मर्मच त्यांनी पकडलं होतं. त्या गायिकेचं सगळं आयुष्य श्वासावर उभं होतं, हेही त्यांच्या एका वाक्यात आलं.

यावर दुसरा प्रश्न येतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. तो सहसा तरुण मुली विचारतात. "पण मॅम, ही चित्रकारही तेच करत नाहीये का? फोटोग्राफरनी तिला सोडलं नाही, मेल्यावर हिने तिचे फोटो शोधून चित्र काढलं. फरक काय?"

या आक्षेपात तथ्य आहे. एमीच्या दारात फोटोग्राफर इतके मागे लागलेले असायचे की २००९ मध्ये तिला त्यांच्याविरुद्ध कोर्टातून मनाईहुकूम आणावा लागला. जाण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, जून २०११ मध्ये बेलग्रेडच्या मंचावर तिला धड उभं राहता येत नव्हतं, शब्द आठवत नव्हते. लोक तिची हुर्यो उडवत होते आणि ते चित्रण जगभर बघितलं गेलं. आपणही ते बघितलं. अशा प्रतिमांच्या ढिगातूनच हे चित्र आलेलं आहे, आणि ड्युमाबाई ते लपवत नाहीत. त्यांचं जवळजवळ सगळंच काम फोटोंवरून होतं : वर्तमानपत्रांची कात्रणं, सिनेमातली दृश्यं, पोलरॉइड. त्या ज्या देशात वाढल्या तिथे टेलिव्हिजनच १९७६ साली आला, म्हणजे त्या देश सोडत होत्या त्या वर्षी. जग त्यांच्यापर्यंत आलं ते छापील, दुसऱ्या हाताच्या चित्रांतून, आणि तेही वर्णद्वेषी राजवटीत, जिथे माणसाचा चेहरा बघून त्याची किंमत ठरत होती. प्रतिमा निरागस नसते, हे त्यांना लहानपणापासून माहीत असणार. १९९३ च्या त्यांच्या एका छोट्या चित्रात एक पुरुष एका स्त्रीला दोन्ही हातांवर उचलून उभा आहे. ते १९३६ च्या एका सिनेमातल्या, ग्रेटा गार्बो या अभिनेत्रीच्या दृश्यावरून आलं. चित्राला नाव दिलं 'द इमेज अ‍ॅज बर्डन', प्रतिमेचं ओझं. पुढे २०१४-१५ मधल्या त्यांच्या मोठ्या प्रदर्शनालाही हेच नाव होतं. वाहणारा कोण, ओझं कोणतं, आणि ते पडलं तर कुणाला लागेल, हे चित्र स्पष्ट करत नाही.

फरक काय, हे सांगायला मी दोन मेरिलिन शेजारी ठेवते. हॉलिवूडची अभिनेत्री मेरिलिन मन्रो ऑगस्ट १९६२ मध्ये गेली आणि काही आठवड्यांतच अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने तिच्या एका जुन्या जाहिरातीच्या फोटोवरून सिल्कस्क्रीन, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेले छाप, छापायला घेतले. लंडनच्या टेट संग्रहालयातल्या त्याच्या द्विपटात, म्हणजे जोडचित्रात, तिचे पन्नास चेहरे आहेत. डावीकडे पंचवीस झगमगीत रंगांत, उजवीकडे पंचवीस काळ्या-पांढऱ्यात, शाई कुठे साकळलेली, कुठे उडालेली, कडेला जाता जाता चेहरा दिसेनासा होतो. प्रसिद्धीचं यंत्र माणूस कसा झिजवतं हे याहून नेमकं क्वचितच कुणी दाखवलं असेल. पण त्यात मेरिलिन स्वतः कुठेच नाही. असणं अपेक्षितही नाही. ड्युमाबाईंनी २००८ मध्ये 'डेड मेरिलिन' रंगवलं. आधार शवागारातल्या फोटोचा. एकच चेहरा, निळसर-राखाडी, सुजलेला, छोट्याशा कॅनव्हासवर. ते चित्र बघताना त्रास होतो. ते त्यांनी आपल्या आईच्या मृत्यूनंतरच्या वर्षात केलं, हे कळल्यावर त्रास कमी होत नाही, पण त्याची जात बदलते. जगाने ज्या देहाला कधी नुसता देह राहू दिलं नाही, त्याच्यापाशी आईला निरोप देऊन आलेली एक मुलगी बसली आहे, असं मला ते दिसतं.

फोटो काढायला सेकंदाचा काही भाग लागतो. चित्र काढणाऱ्याला त्या पापणीवरून, ओठाच्या कोपऱ्यावरून, हनुवटीखालच्या सावलीवरून हात न्यावा लागतो. त्या वेळात माणूस समोरच्याला नुसतं वापरू शकत नाही, असं मी म्हणणार नाही, वापरू शकतो. पण पळून जाऊ शकत नाही. आणि शेवटी परवानगी कुणी दिली, या प्रश्नाला उत्तर एकच आहे : कुणीच दिली नाही. चित्र त्या कमीपणासकट उभं आहे. ते मला आवडतं म्हणून मी ही गोष्ट झाकणार नाही.

आता एक शेवटची बाब, जी सत्रात वेळेअभावी नेहमी राहून जाते आणि जिच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला.

एमीचं चित्र पहिल्यांदा लोकांसमोर आलं ते २०११ च्याच अखेरीस, लंडनच्या फ्रिथ स्ट्रीट गॅलरीतल्या ड्युमाबाईंच्या प्रदर्शनात. प्रदर्शनाचं नाव 'फोरसेकन', टाकून दिलेले. 'तू मला का टाकून दिलंस?' हा क्रूसावरच्या येशूने देवाला विचारलेला प्रश्न त्यामागे आहे, आणि क्रूसावरच्या येशूची चित्रं तिथे होतीच. त्यांच्या सोबतीला एमी होती आणि फिल स्पेक्टर होता. स्पेक्टर हा १९६०च्या दशकातला अमेरिकेतला अतिशय नावाजलेला संगीत-निर्माता. २००३ मध्ये त्याच्या घरात लाना क्लार्कसन या अभिनेत्रीचा गोळी लागून मृत्यू झाला आणि २००९ मध्ये त्या खुनासाठी त्याला शिक्षा झाली. ड्युमाबाईंनी त्याला दोनदा रंगवलं, एकदा विग घालून आणि एकदा विगशिवाय. विगशिवायचा तो टकला, खंगलेला म्हातारा बघून कणव येते. आणि लगेच आठवतं की हा खुनी आहे. चित्र दोन्हींतली एकही भावना सोडू देत नाही. दुबळेपण म्हणजे निष्पापपण, असं आपण प्रसिद्ध माणसांच्या बाबतीत फार पटकन मानून बसतो. हे चित्र त्याला साफ नकार देतं.

पण एमी आणि स्पेक्टर हे दोघं एकाच प्रदर्शनात का? याचं उत्तर रंगांच्या कुठल्याही तक्त्यात नाही, ते माहितीत आहे. एमीचा तो केसांचा मनोरा आणि ती काळी रेघ तिने घेतली होती १९६०च्या दशकातल्या गायिका मुलींच्या जथ्यांकडून, विशेषतः रॉनेट्सकडून. रॉनेट्सची मुख्य गायिका रॉनी. तिने एकदा वर्तमानपत्रात एमीचा फोटो पाहिला आणि क्षणभर तिला तो आपलाच वाटला, असं तिने सांगितलं होतं. आणि या रॉनीचा निर्माता, नंतर नवरा, तोच फिल स्पेक्टर. त्याने आपल्याला घरात कोंडून ठेवलं होतं आणि १९७२ मध्ये आपण तिथून अनवाणी निसटलो, हे रॉनीने स्वतः पुढे जगाला सांगितलं.

स्पेक्टरच्या एका चित्राला ड्युमाबाईंनी नाव दिलं ते त्याच्याच पहिल्या गाजलेल्या गाण्याचं. ते त्याने पोरवयात, १९५८ साली लिहिलं होतं, वडिलांच्या थडग्यावर कोरलेल्या ओळीवरून. वडिलांनी तो लहान असताना आत्महत्या केली होती. आणि हेच गाणं पुढे एमीनेही गायलेलं आहे.

इतकं कळल्यावर त्या निळ्या चेहऱ्यावरची काळी रेघ पुन्हा बघा. वर मी म्हटलं, ती रेघ मुळातच एमीची स्वतःची होती. ती आहेच, पण ती तिच्याकडे आली एका अशा बाईकडून, जिला प्रसिद्ध करणाऱ्यानेच कोंडून घातलं होतं. सजण्याची खूण, नावाची खूण आणि कैदेची खूण, तिन्ही त्या एका रेघेत आहेत.

"हे सगळं चित्रकाराने ठरवून केलं असेल का?" हे तुम्ही आता विचारणार. स्पेक्टरच्या चित्राचं नाव त्यांनी निवडलं, दोघांना एकाच प्रदर्शनात लावलं, तेव्हा गाण्याचा धागा त्यांच्या हातात होता हे उघड आहे. रॉनीपासून एमीपर्यंत आलेली रेघ हे माझं वाचन. चित्र त्याला आधार देतं असं मला वाटतं, कारण बाकी सगळं वितळलेलं असताना तेवढीच रेघ ठाम ठेवलेली आहे. तुम्हाला तसं दिसत नसेल तर तुम्हाला ती रेघ कुठे नेते ते मला सांगा. पुढच्या सत्रापासून मी क्रम बदलते आहे : आधी विगवाला स्पेक्टर, मग विगशिवायचा, मग रॉनेट्सचा एक जुना फोटो आणि त्यानंतर एमी. पुठ्ठा सोबत असेलच.